मावशीच्या संगणकाला नवा ब्लू-रे रायटर : एका प्रकरणाची पूर्ण नोंद

मावशीच्या घरच्या संगणकातला डिस्क रायटर बदलला, त्याची ही हकिगत. दोन तासांचं काम म्हणून हातात घेतलं होतं. प्रत्यक्षात सवडीसवडीने तीन आठवडे चाललं. त्यातली एकच संध्याकाळ ड्राइव्ह बसवण्यात गेली. बाकी सगळा वेळ डिस्कवर जे लिहिलं ते खरोखर लिहिलं गेलंय का, हे तपासण्यात गेला. माझ्या मते या प्रकरणातलं खरं काम तेच होतं, म्हणून लिहितानाही त्यालाच जास्त जागा दिली आहे.

घरात काय होतं

संगणक नऊ वर्षांपूर्वी सुटे भाग घेऊन जुळवलेला. उभं मोठं कॅबिनेट, त्यात पुढच्या बाजूला सव्वापाच इंची दोन खण. एका खणात पहिल्यापासूनचा डीव्हीडी रायटर, दुसरा रिकामा. फोटो साठवायला एक हार्ड डिस्क. दोन वर्षांपूर्वी मीच त्यात मदरबोर्डवरच्या (मुख्य सर्किट बोर्डवरच्या) एम.२ नावाच्या खाचेत बसणारी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घातली होती आणि विंडोज तिच्यावर हलवलं होतं. ही एसएसडी पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून तिचा उल्लेख इथेच करून ठेवतो.

मावशीची तक्रार नेमकी होती. "सीडी घातली तर चालते रे. डीव्हीडी घातली की नुसती घरघर करतो आणि डिस्क घाला म्हणतो."

तिच्याकडे जुन्या डिस्कचा एक डबा होता. एकंदर ६१ डिस्क, बहुतेक २००५ ते २०१२ या काळात लिहिलेल्या. त्यात स्कॅन केलेले जुने फोटो होते, आणि आजीच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण होतं. ते सगळं वाचून संगणकावर आणायचं, आधी संगणकावर असलेल्या फोटोंमध्ये मिळवायचं आणि पुन्हा डिस्कवर लिहून ठेवायचं, असा तिचा विचार. एकूण ऐवज साधारण १८० जीबी होईल असा अंदाज होता.

आता डिस्क कशाला, सगळं ऑनलाइन ठेव, असं मी म्हणून पाहिलं. त्यावर तिने गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली. मोबाइलवर जागा करताना एक फोल्डर चुकून काढून टाकलं गेलं. फोन, संगणक आणि ऑनलाइन खातं तिन्ही एकमेकांना जोडलेले, त्यामुळे ते तिन्ही ठिकाणांहून गेलं. लक्षात आलं तेव्हा कचरापेटीत फाइल ठेवण्याची मुदतही उलटून गेली होती. तिचं म्हणणं मला पटलं. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक तुमची चूकसुद्धा इमानाने सगळीकडे पोचवतं. एकदाच लिहिता येणारी डिस्क मात्र लिहून झाल्यावर कोणाच्या चुकीने पुसली जात नाही, आणि कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत व्हायरसचे हात पोचत नाहीत. हार्ड डिस्कवरची प्रत तर राहणारच होती. डिस्क तिच्या जोडीला हव्या होत्या, तिच्या जागी नव्हे.

जुन्या ड्राइव्हला काय झालं होतं

सीडी चालते आणि डीव्हीडी चालत नाही, या वाक्यातच अर्धं निदान होतं. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर लागतो आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा. अशा ड्राइव्हमध्ये दोन्ही लेझर असतात, ते वेगवेगळे थकतात. ट्रे फिरतो, सीडी नीट वाचली जाते, म्हणजे मोटर, पट्टा, केबल, वीज हे सगळं ठीक. पाच वेगवेगळ्या डीव्हीडी घालून पाहिल्या, त्यात कारखान्यात छापलेली एक चित्रपटाची डिस्कही होती. एकही ओळखली गेली नाही. भिंगावर धूळ असेल म्हणून कापसाच्या बारीक काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून अगदी हलक्या हाताने पुसलं. फरक शून्य. (भिंग साफ करणाऱ्या, ब्रश चिकटवलेल्या डिस्क मिळतात, त्या मी वापरत नाही. वेगाने फिरणारा ब्रश इतक्या नाजूक टांगलेल्या भिंगावर आपटवावा, हे मला पटत नाही.)

तरी तो ड्राइव्ह काढून टाकला नाही. सीडी वाचण्यापुरता तो धडधाकट होता, आणि वेगवेगळे ड्राइव्ह एकाच खराब डिस्ककडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात हे मला अनुभवाने माहीत होतं. नवा ड्राइव्ह रिकाम्या खणात बसवायचा असं ठरलं. या निर्णयानेच पुढचा घोळ झाला, आणि पुढे याच निर्णयाने दोन डिस्कही वाचवल्या.

काय घ्यायचं

हिशेब सोपा होता. एका पदरी, म्हणजे लिहायचा एकच थर असलेल्या, डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. १८० जीबीला ३९ डिस्क, दोन संच करायचे तर ७८. एका पदरी ब्लू-रे डिस्कमध्ये २५ जीबी. कडेला थोडी जागा मोकळी सोडून प्रत्येकीवर २२ जीबी लिहायचं म्हटलं तरी नऊ डिस्कमध्ये संच पूर्ण. शिवाय ब्लू-रे रायटर सीडी आणि डीव्हीडीही वाचतो आणि लिहितो, त्यामुळे जुन्या डब्याचाही प्रश्न सुटत होता. १०० जीबीच्या तीन पदरी डिस्कही असतात. मी त्या टाळल्या. तीन थर एकावर एक नीट लिहिणं ड्राइव्हला जड जातं, आणि एक डिस्क बिघडली तर अर्ध्याहून जास्त संग्रह एकदम जातो.

बाहेरून यूएसबीने जोडायचा पातळ ड्राइव्ह घ्यावा का? सोय म्हणून तो चांगला. पण यूएसबी २ चं पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं आणि यूएसबी ३ चं ९००. डिस्क फिरायला लागताना आणि लिहिताना पातळ ड्राइव्ह त्याहून जास्त ओढू शकतो, मग मध्येच लिहिणं तुटतं. लॅपटॉप असता तर इलाज नव्हता. इथे कॅबिनेटमध्ये रिकामा खण होता आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात, भरपूर ताकद. आतला, पूर्ण आकाराचा ड्राइव्हच घेतला.

कोऱ्या डिस्क निवडताना मात्र घाई करू नये. ब्लू-रेच्या एकदाच लिहायच्या डिस्क दोन जातीच्या असतात. मूळ जातीत लेझरने बदलणारा थर धातू किंवा तत्सम अकार्बनी पदार्थांचा असतो. दुसरी जात एलटीएच, तिच्यात सीडी-डीव्हीडीसारखा सेंद्रिय रंग वापरतात. रंगाचा थर उजेडाने आणि उष्णतेने उतरतो. जपून ठेवायच्या गोष्टीसाठी मी एलटीएच घेत नाही. डब्यावर ती अक्षरं छापलेली असतात, तेवढी पाहायची. आणखी एक विचार होता. सोनीने रेकॉर्ड करण्याजोग्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं. इतर कंपन्यांच्या डिस्क मिळतात, पण हा बाजार आटतो आहे. म्हणून लागणाऱ्या १८ डिस्क आणि वर सात अशा २५ एकदमच घेतल्या, सगळ्या एकाच प्रकारच्या, ६एक्स (मूळ वेगाच्या सहापट) वेगाच्या.

बसवणं, आणि हरवलेली संध्याकाळ

संगणक बंद केला, मागचं बटण बंद केलं, वायर काढली, उरलीसुरली वीज जावी म्हणून चालू करण्याचं बटण काही सेकंद दाबून धरलं. पुढची पट्टी काढून ड्राइव्ह समोरून आत सरकवला. स्क्रूबद्दल एक सांगण्यासारखं आहे. डिस्क ड्राइव्हला बारीक आट्यांचे एम३ स्क्रू लागतात, मोठ्या हार्ड डिस्कला जाड आट्यांचे. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे. जाड स्क्रू जोर लावून फिरवला तर ड्राइव्हच्या आटी कायमच्या जातात, आणि लांब स्क्रू आतल्या यंत्रणेला टेकू शकतो. ड्राइव्हबरोबर आलेलेच वापरावेत.

ड्राइव्ह साटा नावाच्या पद्धतीने जोडतात. तिच्या दोन जोडण्या असतात, डेटाची ७ टोकांची आणि विजेची १५ टोकांची. दोन्ही इंग्रजी एल आकाराच्या, उलट्या बसत नाहीत. एसएमपीएसवर विजेचं एक टोक मोकळं होतं, त्यामुळे अडॅप्टर घ्यावा लागला नाही. लागला असता तरी जुन्या चार पिनांवरून साटावर नेणारा, प्लॅस्टिक ओतून बंद केलेला स्वस्तातला प्रकार मी घेतला नसता. त्यातल्या तारा आत एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं आहेत.

मदरबोर्डवर साटाची सहा पोर्ट. पहिल्यावर हार्ड डिस्क, दुसऱ्यावर जुना ड्राइव्ह. तीन आणि चार ग्राफिक कार्डाच्या खाली दडलेली. पाच आणि सहा अगदी समोर, मोकळी. साहजिकच मी केबल पाचवर लावली.

संगणक चालू केला. नव्या ड्राइव्हचा दिवा लागला, बटण दाबल्यावर ट्रे ऐटीत बाहेर आला. मावशी म्हणाली, "झालं की!" पण विंडोजमध्ये ड्राइव्ह कुठेच नव्हता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये फक्त जुना.

पुढचे दोन तास मी चुकीच्या ठिकाणी शोधत होतो, हे मान्य करायला हवं. ड्रायव्हर शोधला, खरं तर या ड्राइव्हना विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर पुरतो. विंडोजचे अपडेट करून घेतले. डेटाची केबल बदलली. शेवटी बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा संगणकाचा मूळ प्रोग्रॅम, उघडलं, आणि तिथेही ड्राइव्ह नव्हता. तिथेच सुरुवात करायला हवी होती. बायोसला जे दिसत नाही ते विंडोजला दिसणार नाही, त्यामुळे विंडोजमध्ये केलेला सगळा खटाटोप वाया गेला होता. ट्रे बाहेर येतो यावरून फक्त वीज पोचते एवढंच कळतं. ट्रेला डेटाच्या केबलची गरज नसते.

मग मदरबोर्डची पुस्तिका काढली. साटाच्या पानावर तळाशी लहान अक्षरांत एक ओळ होती: एम.२ खाचेत साटा प्रकारची एसएसडी बसवल्यास पाचवं पोर्ट बंद राहील. दोघांची वाट एकच, एका वेळी एकालाच मिळते. दोन वर्षांपूर्वी मीच एसएसडी बसवली होती, आणि त्या क्षणापासून पाचवं पोर्ट मुकं झालं होतं. तिथे काही जोडलेलंच नव्हतं, म्हणून कोणाला कळलं नाही. ग्राफिक कार्ड सैल करून केबल तिसऱ्या पोर्टवर लावली. ड्राइव्ह लगेच दिसला. ही अडचण अनेक बोर्डांवर येते. कुठलं पोर्ट बंद होतं ते बोर्डागणिक बदलतं, त्यामुळे केबल लावायच्या आधी पुस्तिकेतलं ते एक पान पाहावं.

पहिली डिस्क वाया

लिहायला बसण्यापूर्वी ड्राइव्हचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतच साठवलेला प्रोग्रॅम, अद्ययावत केलं. हे पुष्कळजण सोडून देतात. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर तिच्या उत्पादकाची खूण असते. ड्राइव्ह ती वाचतो आणि त्या डिस्कला लेझर किती जोराने, कशा ठोक्यांनी मारायचा ते आपल्या आतल्या यादीत पाहून ठरवतो. यादी जुनी असेल तर नव्या डिस्कला अंदाजाने लिहिलं जातं.

पहिल्या डिस्कला वेग आपोआप ठरवायला सांगितला. डिस्क ६एक्सची, पण ड्राइव्हने तिची खूण ओळखून वेग १२एक्सपर्यंत नेला. लिहिणं लवकर संपलं, संदेशही आला की काम यशस्वी. पडताळणीत मात्र शेवटच्या दोनेक जीबीत वाचनाच्या चुका निघाल्या.

चुका शेवटीच का, हे समजून घेण्यासारखं आहे. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. शेवटचा भाग म्हणजे बाहेरची कड, आणि सगळ्यात जास्त वेगही तिथेच गाठला जातो. १२एक्सला कडेशी डिस्क मिनिटाला जवळपास दहा हजार फेरे घेते. डिस्क किंचित वाकडी असली, थर कडेला किंचित असमान असला, तर त्याचा परिणाम तिथेच दिसतो. ४एक्सला त्याच जागी फेरे तीन हजारांच्या थोडे वर. त्यात ब्लू-रेचा लेखनथर पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरवर. बोटाचा ठसा किंवा धुळीचा कण लेझरच्या वाटेत फार जवळ येतो.

दुसरी डिस्क ४एक्सला लिहिली. १एक्स म्हणजे सेकंदाला ४.५ एमबी, म्हणजे ४एक्सला १८. पूर्ण डिस्कला सुमारे २३ मिनिटं लागायला हवीत. लागली त्याच्या जवळजवळ दुप्पट. ड्राइव्ह नादुरुस्त असल्याची शंका आली, पण कारण दुसरं होतं. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने डिस्कवर राखीव जागा ठेवली होती. राखीव जागा असली की ड्राइव्ह प्रत्येक तुकडा लिहून लगेच वाचून पाहतो आणि खराब निघाला तर राखीव जागेत पुन्हा लिहितो. त्यामुळे वेग निम्मा होतो. ही सोय वाईट नाही. पण आम्ही प्रत्येक डिस्क शेवटी पूर्ण वाचून ताडणारच होतो, म्हणून राखीव जागा बंद केली. त्यानंतर लिहायला २३ मिनिटं, तपासायला साधारण तेवढीच.

विंडोज कोरी डिस्क घातल्यावर विचारतं, यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची की प्लेयरमध्ये चालेल अशी करायची. जपायच्या डिस्कसाठी पहिला पर्याय कधीच घेऊ नये. त्यात फाइल थोड्या थोड्या करून टाकल्या जातात आणि डिस्क अर्धवट उघडी राहते. सगळं एकदम लिहून डिस्क बंद करणं, म्हणजे फायनलाइझ करणं, हाच भरवशाचा मार्ग.

देवनागरी नावांची अडचण

मावशीने फोल्डरांना मराठीत छान सविस्तर नावं दिली होती. जुन्या डिस्कवर त्यातली बरीच मध्येच तुटलेली निघाली. त्या डिस्क जोलिएट या फाइलनावं नोंदवण्याच्या जुन्या पद्धतीने लिहिलेल्या होत्या आणि तिथे नावाला ६४ वर्णांची मर्यादा असते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे प्रत्येक स्वतंत्र वर्ण धरलं जातं. 'आजीच्या' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, संगणकाच्या हिशेबात सात वर्णांचा. ६४ वर्ण म्हणजे मराठीत एक बेताचं वाक्य. नव्या डिस्कवर यूडीएफ पद्धत वापरली. तिच्यात देवनागरी नाव १२७ वर्णांपर्यंत जाऊ शकतं, आणि ४ जीबीहून मोठी व्हिडिओ फाइलही अखंड राहते. त्याहून लांब तीन नावं सापडली, ती तिला विचारून आखूड केली.

जुना डबा वाचताना

६१ पैकी ५५ डिस्क नव्या ड्राइव्हने सरळ वाचल्या. दोन सीडी त्याने नाकारल्या आणि जुन्या ड्राइव्हने निमूटपणे वाचून दिल्या. एक डीव्हीडी कोरी दिसत होती, पण मागून पाहिलं तर लिहिलेल्या भागाची गडद कडी स्पष्ट होती. ती कधी बंदच केलेली नव्हती. आयसोबस्टर या डिस्कमधून फाइल सोडवणाऱ्या प्रोग्रॅमने तिच्यातल्या फाइल बाहेर काढल्या. दोन डिस्क अर्धवट आल्या. एक सीडी पूर्ण गेली. तिच्यावर छापील बाजूने टोकदार पेनाने लिहिलेलं होतं. सीडीत लेखनथर त्या बाजूलाच, रंगाच्या आणि लाखेच्या पातळ थराखाली असतो, त्यामुळे वरचा ओरखडा खालच्यापेक्षा घातक. डीव्हीडीत थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो म्हणून ती यातून वाचते. आजीचं ध्वनिमुद्रण तीन सीडींवर होतं, आणि जुन्या ड्राइव्हने दिलेल्या दोन त्यांतल्याच होत्या.

शेवटची चाचणी

प्रत्येक संचाच्या प्रत्येक डिस्कमध्ये फाइलींच्या एसएचए-२५६ ठशांची (फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेल्या छोट्या खुणांची) यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये घातली. विंडोजमध्येच असलेल्या सर्टयुटिल आज्ञेने हे ठसे काढता येतात. एक बिट बदलला तरी ठसा बदलतो, म्हणून उद्या कोणीही, कुठल्याही संगणकावर, डिस्क अजून शाबूत आहे का ते पाहू शकेल.

अठराही डिस्क मावशीच्या ड्राइव्हमध्ये ताडून झाल्या. मग त्या माझ्या संगणकावर, दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये पुन्हा वाचल्या. सतरा नीट. दुसऱ्या संचातली चौथी डिस्क मात्र एका जागी अडखळायला लागली, वेग कोसळला आणि दोन फाइलींचे ठसे जुळले नाहीत. ज्या ड्राइव्हने लिहिलं त्याच्यात ती निर्दोष होती. लिहिणारा ड्राइव्ह स्वतःचं अक्षर सहसा वाचतोच. तो नादुरुस्त झाल्यावर ते दुसऱ्याला वाचता येईल का, हा खरा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर दुसरा ड्राइव्हच देतो. ती डिस्क बाद करून नवी लिहिली. तीही आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे वाचली, सगळे ठसे जुळले.

डिस्कवर आतल्या पारदर्शक कडीवर मऊ टोकाच्या मार्करने क्रमांक आणि तारीख घातली. एक संच मावशीच्या कपाटात, उभा, डब्यांमध्ये. दुसरा माझ्याकडे. पंचवीसपैकी दुसऱ्या डिस्कपासून मी वेग बदलून पाहिला नाही, सगळ्या ४एक्सलाच लिहिल्या. पाच कोऱ्या डिस्क उरल्या, त्याही मावशीकडेच आहेत, पुढच्या वर्षीच्या फोटोंसाठी. जुना ड्राइव्ह अजून वरच्या खणात आहे, दुसऱ्या पोर्टवर. पाचवं पोर्ट मुकं असल्याची चिठ्ठी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवली आहे.